टाळांची निगा : उजाळा आणि नाद

वडिलांच्या स्मरणार्थ टाळांच्या अकरा जोड्या अर्पण केलेले एक वृद्ध गृहस्थ वर्षभराने एकादशीच्या दिवशी पुन्हा दर्शनास आले. दर्शन आटोपल्यावर ते भांडाराकडे वळले व आपण दिलेले टाळ पाहण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली. दिले त्या वेळी सोन्यासारखे झळकणारे ते टाळ आता तपकिरी, क्वचित काळसर दिसत होते. आपल्या वस्तूची येथे आबाळ झाली, असे ते तोंडाने बोलले नाहीत. पण त्यांच्या चेहऱ्यावर ते उमटले. भजनी मंडळातील ज्येष्ठ टाळकरी शेजारीच बसले होते. त्यांनी ते ताडले.

‘माउली, जरा डोळे मिटा,’ ते म्हणाले. त्यांनी आधी यंत्राच्या चाकावर नुकताच चकाकवून आणलेला एक जोड वाजविला आणि मग त्या गृहस्थांनी दिलेल्या अकरांतील एक.

‘आता सांगा, आपला कोणता?’

‘दुसरा.’

‘कशावरून?’

‘हा अजून वाजतोच आहे, बुवा.’

देवस्थानाला वस्तू अर्पण करणाऱ्या अनेक भाविकांच्या मनात हाच प्रश्न असतो व तो रास्त आहे. समई, ताम्हन, पंचपात्र ही उपकरणे रोज लख्ख घासली जातात. मग टाळ तेवढे मळकट का? सेवेकऱ्यांचा हा आळस आहे की त्यामागे काही कारण आहे? प्रस्तुत लेखात टाळांचा धातू, त्यांचा नाद व त्यांची शुद्धी यांविषयीची माहिती एकत्रित दिली आहे. ज्यांच्या घरी भजनाचे टाळ किंवा आरतीची झांज आहे, त्यांनाही ती उपयोगी पडेल.

घनवाद्य

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत : तत म्हणजे तंतूंची, अवनद्ध म्हणजे चामड्याने मढविलेली, सुषिर म्हणजे फुंकून वाजविण्याची आणि घन म्हणजे ज्यांत वाद्याचे अंगच नाद करते अशी. टाळ, झांज व घंटा ही घनवाद्ये होत. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने रचलेल्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथाच्या वाद्याध्यायात ताल, कांस्यताल व घंटा यांचे वर्णन आहे. महाराष्ट्राच्या भूमीवर टाळ किती जुने, याची कल्पना यावरून यावी.

या वर्गीकरणात एक मर्म दडलेले आहे. वीणेची तार तुटली तर नवी चढविता येते. पखवाजाची पुडी बदलता येते, तिला रोज नवी कणीक लावता येते. टाळाला मात्र अंगावेगळे असे काहीच नाही. त्याचा धातू हेच त्याचे शरीर आणि तोच त्याचा गळा. जे घासून गेले ते परत भरून येत नाही. टाळांच्या शुद्धीचा विचार भांड्यांच्या शुद्धीहून निराळा करावा लागतो तो एवढ्यासाठीच.

उत्तम टाळ व घंटा काशाच्या असतात. कांसे म्हणजे तांबे व कथील यांचा मिश्रधातू. घंटेसाठी वापरल्या जाणाऱ्या काशात ढोबळमानाने शंभरांत ७८ भाग तांबे व २२ भाग कथील असते. कथिलाचे प्रमाण इतके वाढले की धातू कठीण होतो, त्यातील कंपने लवकर विझत नाहीत आणि आघातानंतरची आस दीर्घकाळ रेंगाळते. परंतु हाच गुण त्याचा दोषही आहे. असे कांसे ठिसूळ असते. पितळी भांडे फरशीवर पडले तर त्याला पोचा येतो. काशाचा टाळ पडला तर तो काचेसारखा तडकतो. पितळ म्हणजे तांबे व जस्त. आजकाल बाजारात पितळी टाळही पुष्कळ मिळतात. ते काहीसे नरम, त्यांची आस तुलनेने आखूड; तरी नीट घडविलेला पितळी टाळ भजनात शोभतो. त्याला हिणवण्याचे कारण नाही.

नाद कशात आहे

टाळावर आघात झाला की त्याची चकती थरथरते, काठ वरखाली लवतो. हे लवणे सेकंदाला किती वेळा होते त्यावर स्वराची उंची ठरते आणि ते चकतीच्या रुंदीवर व जाडीवर अवलंबून असते. रुंदी तीच ठेवून जाडी कमी केली तर स्वर उतरतो, आणि साधारणतः जाडी जितक्या प्रमाणात घटते तितक्याच प्रमाणात उतरतो. उदाहरणादाखल २ मिलिमीटर जाडीची चकती घेऊ. तिच्यावरून सर्वत्र मिळून ०.०२ मिलिमीटर धातू गेला, तर जाडी शंभरांत एक भागाने कमी झाली. सेकंदाला १५०० कंपनांचा तिचा स्वर सुमारे १४८५ वर येईल. एवढा फरक एकट्या टाळात सामान्य श्रोत्याला जाणवणारही नाही.

पण टाळ एकटा वाजत नाही. जोडीतल्या दोन चकत्या कितीही काळजीने घडविल्या तरी त्यांच्या स्वरांत केसभर अंतर राहतेच, आणि टाळाची गोडी या अंतरातच असते. एक चकती सेकंदाला १५०० वेळा व दुसरी १५०४ वेळा कंप पावत असेल, तर दोन्ही नाद मिसळून सेकंदाला चार वेळा भरणारी-ओसरणारी लहर कानी पडते. खालच्या स्वराची चकती घासली जाऊन १४८५ वर उतरली, तर हेच अंतर १९ होते. मग लहर उरत नाही, खरखर ऐकू येते. टाळकरी अशा जोडीला ‘जमत नाही’ एवढेच म्हणतात. त्यामागचे गणित हे असे आहे.

यावरून टाळ मुळीच स्वच्छ करू नयेत, असा अर्थ कोणी काढू नये. तेलकट हात, समईची काजळी, बुक्का, गुलाल व घाम यांचा थर काठावर व वाटीत साचला की तो ओल्या फडक्यासारखे काम करतो. नादातील वरची बारीक कंपने तो गिळून टाकतो आणि टाळ घुमा वाटू लागतो. हा थर काढलाच पाहिजे. काढावयाचा तो मळ, धातू नव्हे. हा भेद सांभाळणे एवढेच या शुद्धीतले कौशल्य आहे.

मग तो तपकिरी रंग? तो मळ नाही. हवेशी संयोग होऊन तांब्याच्या मिश्रधातूवर आपोआप धरणारी ती अत्यंत पातळ साय आहे. ती सर्वत्र सारखी, गुळगुळीत व घट्ट असते, बोटाला लागत नाही, आणि आतील धातूचे पुढील झिजेपासून काही अंशी रक्षणच करते. तिचा नादावर जाणवण्याजोगा परिणाम होत नाही. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतर तिकडील गिरिजाघरांच्या घंटा महाराष्ट्रातील देवस्थानांत आल्या. वाईजवळच्या मेणवलीस व नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरात त्या भाविकांनी पाहिल्या असतील. उन्हापावसात टांगलेली घंटा कोणी रोज घासत नाही. पण म्हणून तिचा नाद गेला, असे होत नाही.

तपकिरी थर व हिरवी कळंक यांत मात्र गल्लत करू नये. फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी, ठिपक्यांनी उठणारी व पुसली तरी पुन्हा त्याच जागी येणारी कळंक हा धातूचा आजार आहे. मिठातील क्लोराइड धातूच्या अंगात शिरले आणि हवेत दमटपणा असला की तो सुरू होतो व आतून पोखरत जातो. कोकणपट्टीतील देवस्थानांनी यासंबंधी विशेष दक्षता घ्यावी.

शुद्धी : भांड्यांची आणि वाद्यांची

टाळ घासू नका म्हटले की काही भाविकांना ते शास्त्राला सोडून वाटते. तांबे, कांसे, पितळ इत्यादी धातू क्षार, आम्ल व पाणी यांनी शुद्ध करावेत, असे धर्मशास्त्राच्या ग्रंथांत सांगितलेलेच आहे. राखेने कांसे व चिंचेने तांबे शुद्ध होते, हे तर घरोघरी आजीच्या तोंडून ऐकलेले असते. परंतु ते सांगताना शास्त्रकारांनी ‘यथायोग्य’ या अर्थाचा शब्द घातला आहे, तिकडे सहसा लक्ष जात नाही. ज्या भांड्यात अन्न शिजते किंवा तीर्थ ठेवले जाते त्यावर गंजाचा कण राहणे अयोग्य. त्या भांड्याला गळा नसतो. टाळाला तो आहे. ज्या वस्तूचे जे कार्य, त्या कार्याला बाध न आणणारी शुद्धीच तिच्यासाठी योग्य होय.

आता एकेका पदार्थाचा विचार करू. चिंच किंवा लिंबू यांतील आम्ल वरचा थर विरघळविते, म्हणून धातू क्षणात लखलखतो. हे आम्ल सौम्य असले तरी वाटीच्या सांध्यात व छिद्राभोवती राहून गेले तर काम करीतच राहते. पितळेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते : वारंवार व दीर्घकाळ आम्ल लागले तर ते जस्त आधी ओढून घेते व मागे तांबूस, सच्छिद्र ठिपके राहतात. पितळी टाळावर गुलाबी डाग दिसले तर ते स्वच्छतेचे नव्हे, अतिस्वच्छतेचे चिन्ह समजावे. लिंबाच्या फोडीला मीठ लावून घासण्याची पद्धत स्वयंपाकघरात खपून जाते, कारण भांडे रोज धुतले व वापरले जाते. महिनोन्‌महिने पेटीत राहणाऱ्या टाळाला मीठ लावणे म्हणजे वर सांगितलेल्या हिरव्या कळंकेला हाताने आमंत्रण देणे होय.

राख चांगली, पण ती वस्त्रगाळ हवी. चुलीतील राखेत वाळूचे कण असतात. रांगोळीची पूड हा तर दगडाचाच चुरा, विटेची भुकटीही तशीच. काथ्या, तारेची घासणी व पॉलिश कागद यांविषयी सांगावयास नकोच. हे सारे पदार्थ मळाबरोबर धातूही नेतात आणि काठावर बारीक ओरखडे ठेवतात. पुढे त्याच ओरखड्यांत ओल धरते. काठावरच्या खोल ओरखड्यातून पुढे चीर जाण्याची भीती असते.

बाजारात मिळणाऱ्या धातू चकाकविण्याच्या काही द्रावांत अमोनिया असतो. त्याचा तीव्र वास हीच त्याची ओळख. पितळेचे व अमोनियाचे वैर जुने आहे. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानात तबेल्यांत साठविलेल्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप चिरा पडत. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, दमट हवा व घडविताना धातूत राहून गेलेला ताण या तिन्हींचा तो परिणाम होता, हे १९२१ मध्ये उलगडले. ठोकून घडविलेल्या पितळी टाळातही असा ताण राहिलेला असू शकतो. तेव्हा असे द्राव टाळांपासून दूर ठेवलेलेच बरे.

सर्वांत अधिक हानी करते ते पॉलिशचे चाक. भांड्यांच्या पेठेत शे-दोनशे टाळ तासाभरात आरशासारखे करून मिळतात, म्हणून हा मोह फार होतो. चाक धातू काढते, आणि तेही सारखे नाही. कारागिराचा हात जेथे सहज टेकतो तेथे, म्हणजे काठावर, अधिक. घर्षणाने पातळ काठ हाताला चटका बसेल इतका तापतो, आणि उच्च प्रमाणात कथील असलेल्या काशाचा चिवटपणा त्याला मिळालेल्या उष्णतेवर व थंड करण्याच्या रीतीवर अवलंबून असतो. शिवाय छिद्रात चाक अडकले तर टाळ हातातून भिरकावला जातो. कारागिराच्या जिवालाही त्यात धोका आहे. टाळांना कल्हई करून घ्यावी काय, अशी विचारणाही कधी कधी होते. कल्हई अन्नाच्या भांड्यांसाठी आहे. टाळाला आच देऊन वर मऊ कथिलाचा लेप चढविणे म्हणजे गवयाच्या गळ्याला मफलर गुंडाळण्यासारखे आहे.

एका दुपारची गोष्ट

एका देवस्थानात उत्सवाच्या आदल्या दिवशी उत्साही तरुण सेवेकऱ्यांनी भांडारातील सर्व टाळ बाहेर काढले. दोऱ्या सोडून केराच्या टोपलीत टाकल्या. मोठ्या घंगाळात चिंचेचे पाणी करून शंभराच्या वर चकत्या एकदम त्यात सोडल्या, भाताचे तांदूळ ढवळावेत तशा ढवळल्या आणि काथ्याने घासून अंगणात वाळत मांडल्या. अंगण सोन्याचे झाले. येणारे-जाणारे भाविक थांबून कौतुक करू लागले. सेवेकऱ्यांच्या मनात सेवेखेरीज दुसरे काही नव्हते, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे.

संध्याकाळी टाळकरी आले. नव्या दोऱ्या ओवून भजन सुरू झाले आणि पहिल्याच अभंगाला सर्वांनी एकमेकांकडे पाहिले. कोणत्या चकतीची जोडी कोणती, हे आता कोणालाच ठाऊक नव्हते. आकाराने सारख्या दिसणाऱ्या चकत्या कशाही जोडल्या गेल्या होत्या. घंगाळात एकमेकींवर आदळून चार-पाच चकत्यांच्या काठांना टवके गेले होते. एक तर बद्द वाजत होती. पखवाज लागलेला, वीणा लागलेली, आणि टाळांचा मात्र भांड्यांच्या दुकानात होतो तसा गलका.

त्या रात्री दोन वृद्ध टाळकरी भजन संपल्यावर उठले नाहीत. सभामंडपात सतरंजी अंथरून त्यांनी सर्व चकत्या पुढे घेतल्या. एकाने चकती दोरीला टांगून बोटाच्या पेराने टिचकी मारावी, दुसऱ्याने ऐकावे व तिला उजवीकडे किंवा डावीकडे ठेवावे, असे पहाटेच्या काकड्यापर्यंत चालले होते. बऱ्याच जोड्या परत लागल्या. काही कायमच्या मोडल्या. ज्या तरुणाने चिंचेचे घंगाळ भरले होते तो रात्रभर त्यांच्याजवळ बसून दोऱ्या ओवीत होता. ‘काका, माझ्याकडून चूक झाली,’ असे तो म्हणाला तेव्हा, ‘अरे, दोरी ओव. बोलू नकोस, ऐकू येत नाही,’ एवढेच त्याला उत्तर मिळाले. पुढे त्या देवस्थानात टाळांची देखरेख त्याच्याकडेच सोपविण्यात आली आणि ती त्याने चोख सांभाळली.

योग्य रीत

टाळांच्या निगेपैकी मोठा भाग घासण्याचा नाहीच; तो पुसण्याचा आहे. भजन संपताच कोरड्या, मऊ, जुन्या धुतलेल्या सुती कापडाने दोन्ही चकत्या आतून-बाहेरून पुसाव्यात. वारीत टाळ गळ्यात असतो, दोरी घामाने भिजते, आषाढात वर पाऊसही असतो. मुक्कामाला पोहोचल्यावर चहा घेण्याआधी टाळ पुसणारा वारकरी पाहावयास मिळतो; त्याचा टाळ पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. घामातील मीठ रात्रभर धातूवर राहू न देणे ही एकच सवय निम्मी काळजी घेते.

वर्षातून एकदा, फार तर दोनदा, टाळ धुवावेत. एका वेळी एकच जोड हाती घ्यावा व तो पूर्ण होऊन त्याची दोरी पुन्हा ओवल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये. घंगाळाऐवजी तळाशी जाड कापड अंथरलेले पसरट भांडे घ्यावे. रिठ्याचे कोमट पाणी उत्तम. ते तेलकटपणा काढते व धातूला इजा करीत नाही. छिद्राभोवती व वाटीच्या खोबणीत मऊ दातांचा ब्रश हलक्या हाताने फिरवावा. नंतर स्वच्छ गोड्या पाण्याने दोन-तीनदा खळबळून लगेच पुसावे. पाणी आपोआप सुकू दिले तर क्षारांचे पांढरे डाग राहतात. पुसल्यावर सावलीत, हवेशीर जागी तासभर ठेवून मगच दोरी ओवावी.

डाग फारच हट्टी असेल, तर वस्त्रगाळ केलेली खडूची पूड पाण्यात कालवून बोटाने लावावी व गोलाकार, म्हणजे टाळावर मुळात असलेल्या कातकामाच्या रेषांच्या दिशेने, चोळावी. रेषांना आडवे घासू नये. जोडीतील दोन्ही चकत्यांना सारखाच हात द्यावा आणि काठावर दाब देऊ नये. डाग निघाला नाही तर तो राहू द्यावा. उत्सवमूर्तीसमोर ठेवण्याच्या शोभेच्या टाळांसाठी कोणाला चिंच वापरावयाचीच असेल, तर ती पातळ कोळाची, बिनमिठाची व मिनिट-दोन मिनिटांपुरतीच असावी. नंतर चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यातून व मग पुष्कळशा साध्या पाण्यातून टाळ काढावा. उजळलेल्या टाळाला तेल लावून ठेवण्याची काही ठिकाणी रीत आहे. तेलाचा राहिलेला थर नाद दाबतो व धूळ धरतो. लावलेच तर कापडाने पूर्ण पुसून काढावे.

दोरीकडे फारसे कोणी पाहत नाही. ती सुती व पुरेशी जाड असावी. धातूची साखळी किंवा तार घातली तर छिद्राचा काठ झिजतो आणि त्याच्या कुरकुरीने नाद बिघडतो. दोरी ओलसर राहिली की नेमकी छिद्रापाशी कळंक चढते. म्हणून वर्षाला दोरी बदलणे चांगले. जोडीची खूण दोरीच्या रंगाने किंवा गोंड्याने ठेवावी, चकतीवर खिळ्याने खरवडून नव्हे.

ठेवताना प्रत्येक जोड स्वतंत्र सुती पिशवीत असावा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. टाळ रबराने बांधून ठेवू नयेत. रबरातील गंधकामुळे तेवढ्या जागी काळा पट्टा उठतो. पेटीत टाळांवर समया किंवा घंटा रचू नयेत, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

फिकट हिरवी भुकटी वारंवार येत असेल, किंवा टाळ-घंटा जुनी असून तीवर अक्षरे कोरलेली असतील, तर घरगुती उपाय करू नयेत. अक्षरांच्या कडा घासून गेल्या की तो लेख वाचता येत नाही, आणि दात्याचे नाव व शक काळाआड जातात. अशा वस्तू कोरड्या ठेवून संग्रहालयातील जाणकारांचा सल्ला घ्यावा. लखनौ येथे सांस्कृतिक ठेव्याच्या संवर्धनासाठी राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही संवर्धन केंद्र आहे.

टाळ अर्पण करू इच्छिणाऱ्यांसाठी

नवे टाळ निवडताना रंगाला भुलू नये. एक चकती दोरीने अधांतरी धरून काठावर लाकडी दांडीने अलगद टोला द्यावा व आवाज पूर्ण विझेपर्यंत ऐकावे. आवाजात गुणगुणती खरखर असेल, तर बारीक चीर असण्याची शक्यता असते. मग दुसरी चकती तशीच ऐकावी आणि शेवटी दोन्ही मिळून. लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड आहे असे समजावे. वर पारदर्शक लाखेचा किंवा वार्निशचा लेप असलेले टाळ शोभेसाठी ठीक. भजनासाठी लेप नसलेलेच घ्यावेत. दुकानात गोंगाट असतो, म्हणून शक्य तर एखाद्या टाळकऱ्यास बरोबर न्यावे. दहा चमकदार जोड्यांपेक्षा ऐकून घेतलेल्या चार जोड्या भजनाला अधिक उपयोगी पडतात.

अर्पण केलेल्या टाळावर नाव असावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु यंत्राच्या टोकाने काठाजवळ खोल कोरलेली अक्षरे ही टाळाला केलेली जखमच असते. नाव कोरावयाचेच असेल, तर ते टाळ घडविणाऱ्या ओताऱ्याकडून किंवा कासाराकडून, घडवितानाच, काठापासून दूर घालून घ्यावे. देणगीची नोंद देवस्थानाच्या वहीत दात्याच्या नावानिशी होतच असते.

लेखाच्या आरंभी ज्यांचा उल्लेख आला ते वृद्ध गृहस्थ पुढच्या वर्षी पुन्हा एकादशीला आले. या खेपेस त्यांनी टाळ आणले नव्हते. घरातील जुन्या धुवट धोतरांच्या, दुहेरी कापडाच्या, नाडी ओवलेल्या चाळीस पिशव्या व पांढऱ्या सुती दोरीचा एक मोठा गुंडा त्यांनी भांडारात दिला. अकरा पिशव्यांवर लाल दोऱ्याने त्यांच्या वडिलांचे नाव शिवलेले होते. बाकीच्या कोऱ्या होत्या. ज्यांना आपल्या माणसाचे नाव घालावयाचे असेल त्यांच्यासाठी त्या ठेवाव्यात, असे ते सांगून गेले.